विरळ काडतुसाचे शिलेदार : प्रस्तावना

अमेरिकेतील एखाद्या मध्यम गावी शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात जाऊन जो गृहस्थ नऊ मिलिमीटरचे पिस्तूल मागतो, त्याच्या निवडीचे बहुतेक काम इतरांनी आधीच उरकून ठेवलेले असते. पोलीसखात्यांनी परीक्षा घेतलेल्या असतात, सैन्यांनी काडतुसे अगणित खपविलेली असतात, चामड्याच्या म्यानापासून सुट्या स्प्रिंगांपर्यंत सर्व जिन्नस फळीवर मांडलेले असतात, आणि गिऱ्हाइकाने पैसे मोजून एक तयार संच उचलावा एवढेच काय ते बाकी असते. तोच गृहस्थ .४१ मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर मागू लागला, की दुकानदार त्यास जरा निरखून पाहतो आणि ते कशासाठी हवे, अशी विचारणा करतो. कारण दुकानात असलेच तर एखादे जुने, कुणाच्या तरी वारसांनी विकलेले रिव्हॉल्व्हर असावयाचे, काडतुसांच्या पेट्या दोन-चार, आणि पुढील पुरवठ्याचा भरवसा कोणीच द्यावयाचा नाही. दुकानदाराच्या त्या विचारणेचे उत्तर ज्याच्यापाशी तयार नाही त्याने या वाटेस जाऊ नये, असे माझे मत प्रस्तुत ग्रंथ हस्तलिखितात वाचीत असतानाच बनले, आणि ग्रंथकर्त्यांचाही अभिप्राय थोड्याफार फरकाने तोच आहे.

मराठी राज्यात बारगिरास घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार मात्र आपला घोडा, आपले हत्यार आणि त्या दोहोंची बेगमी स्वतः बाळगून चाकरीस येई. लोकप्रिय काडतूस वापरणारा मनुष्य बाजाराचा बारगीर असतो. विरळ काडतूस पत्करणाऱ्यास शिलेदारी आपोआप पत्करावी लागते : काडतुसे पुष्कळदा स्वतः भरावी लागतात, शिशाच्या गोळ्यांचा साचा शोधावा लागतो, मूठ आपल्या हाताप्रमाणे घडवून घ्यावी लागते, आणि जाणत्या शिकलगाराचा पत्ता विचारीत चार गावे धुंडावी लागतात. शस्त्र आपल्या गरजेनुरूप घडवून घेणे हा इतरांच्या बाबतीत हौसेचा विषय असेल. येथे तो विरळपणातूनच उद्भवतो, आणि म्हणून निवड व घडण या दोन गोष्टी या ग्रंथात एकमेकींपासून विलग केलेल्या नाहीत.

नवख्या वाचकासाठी मूळ वस्तूचा परिचय प्रथम करून देणे भाग आहे. अमेरिकन रिव्हॉल्व्हरांच्या मॅग्नम कुळात तीन सख्खी भावंडे मानली जातात. थोरले .३५७, जन्म १९३५, मधले .४४, १९५५-५६ च्या संधिकाळातले, आणि धाकटे .४१, ज्याचा अवतार १९६४ साली झाला. तिघांच्या पितळी कोशांची लांबी जवळजवळ सारखीच, सुमारे १.२९ इंच, भेद गोळीच्या व्यासाचा आणि वजनाचा. थोरल्याची नेहमीची गोळी १५८ ग्रेनांची, मधल्याची २४० ग्रेनांची, आणि धाकट्याची २१० ग्रेनांची, म्हणजे सुमारे साडेतेरा ग्रॅमची, जी पूर्ण शक्तीच्या काडतुसात लांब नळीतून सेकंदाला तेराशे-चौदाशे फुटांच्या आसपास वेगाने बाहेर पडते. वयाने धाकटे असूनही सामर्थ्याने हे मध्यभागी बसते. .३५७ हून त्याचा आघात स्पष्टपणे भारी, .४४ हून धक्का किंचित सुसह्य आणि गोळीचा मार्ग किंचित सपाट. ‘किंचित’ हा शब्द येथे जाणूनबुजून योजला आहे; या काडतुसाचे भक्त तो पुष्कळदा विसरतात, आणि त्याचे टीकाकार त्याखेरीज दुसरे काही बोलत नाहीत.

या भावंडांच्या जन्मकथेत कारखान्यांपेक्षा काही हट्टी माणसांचाच वाटा मोठा दिसतो. मॅग्नमपूर्व काळातही .४१ बोर अमेरिकेस अपरिचित नव्हता. रेमिंग्टनची दुनळी खिशातली डेरिंजर १८६६ पासून १९३५ पर्यंत याच बोराचे एक दुबळे काडतूस झाडीत होती, आणि कोल्टने १८७७ च्या आपल्या दुहेरी चापाच्या रिव्हॉल्व्हरास याच मापाचे दुसरे एक काडतूस दिले होते. ती दोन्ही काळी दारू भरण्याच्या जमान्याबरोबर मागे पडली, आणि आजच्या मॅग्नमशी त्यांचे नाते नावापुरतेच उरले. खरी परंपरा सुरू होते ती १९२० नंतरच्या दशकात, एल्मर कीथ नावाच्या रुंद टोपीच्या, तोंडाळ, लिखाणात रांगड्या आणि निरीक्षणात विलक्षण चोख अशा एका पशुपालकापासून. कीथने .४४ स्पेशल हे सौम्य मानले गेलेले काडतूस स्वतः भरून त्यातून कारखान्यांना कल्पनाही नव्हती एवढे काम काढून दाखविले, आणि त्यासाठी शिशाची एक सपाट टोकाची, खांदेदार गोळी आखली. तिचा साचा लायमन कंपनीने ४२९४२१ या क्रमांकाखाली विकला, आणि तो आजही अनेकांच्या कोठारात सापडतो. हॅरल्ड क्रॉफ्ट नामक पूर्वेकडील एका हौशी गृहस्थाने हलक्या व भारी अशा चार निरनिराळ्या घडणींची रिव्हॉल्व्हरे करवून घेतली होती. ती घेऊन तो कीथच्या ऑरेगनमधील गोठ्यावर पोहोचला आणि दोघांनी ती झाडून पाहिली. त्या चर्चेतून पुढे जे पाचवे रिव्हॉल्व्हर घडले, तेच ‘क्रमांक ५’ म्हणून प्रसिद्ध पावले. त्यात जुन्या कोल्ट सिंगल ॲक्शनची चौकट, कोल्टच्याच बिस्ले नमुन्याच्या मुठीची मागची पट्टी, उंचीत बदलता येणारी पाठीमागची दृष्टी, नव्या ढंगाचा घोडा आणि सिलिंडराच्या आसाची सुधारलेली पकड, एवढ्या गोष्टी एकत्र आल्या होत्या. १९२९ साली कीथने त्याविषयी ‘अमेरिकन रायफलमन’मध्ये लेख लिहिला. घडवून घेतलेल्या रिव्हॉल्व्हरांच्या शाखेचा आरंभ मी तरी तेथूनच मानतो, कारण सामान्य हुकमाने बनलेल्या वस्तूपेक्षा एका माणसाच्या हातास व कामास अनुरूप वस्तू ही स्वतंत्र विचाराचा विषय होऊ शकते, हे त्या लेखाने प्रथम सिद्ध केले.

कारखान्यांनाही हा धडा लवकरच उमगला. स्मिथ अँड वेसनने .३५७ मॅग्नम काढले तेव्हा ते आरंभी केवळ मागणीबरहुकूम बनविले जाई. गिऱ्हाइकाने नळीची लांबी साडेतीन इंचांपासून पावणेनऊ इंचांपर्यंत हवी ती सांगावी, माशी आणि मूठ कोणती ते कळवावे, आणि कारखान्याने त्या शस्त्राची नोंदणी करून प्रमाणपत्र द्यावे, असा रिवाज होता. जनरल पॅटनच्या कमरेस हस्तिदंती मुठीचे याच जातीचे एक रिव्हॉल्व्हर लटकत असे. पुढे मागणी वाढली तसा हा रिवाज मोडीत निघाला. जिथे लोकप्रियता येते तेथून घडण निघून जाते, असा नियमच जणू या व्यवसायात दिसतो.

.४४ मॅग्नम बाजारात आल्यावर कीथची महत्त्वाकांक्षा पुरी झाली असे वाटले, तथापि .३५७ आणि .४४ यांमधील पोकळी अनेकांना खुपत होती. गॉर्डन बोझर नावाच्या शिकलगाराने विश्वयुद्धापूर्वीच .४०१ या मापाचे एक घरगुती काडतूस बनविले होते, आणि हर्टर्स या टपालाने माल विकणाऱ्या पेढीने १९६१ च्या सुमारास .४०१ पॉवरमॅग काढून पाहिले. दोन्ही प्रयत्न रुजले नाहीत. अखेरीस कीथ, सरहद्द-पहाऱ्यातील विख्यात नेमबाज बिल जॉर्डन आणि शूटिंग टाइम्सचा स्तंभलेखक स्कीटर स्केल्टन या तिघांनी कारखान्यांपाशी लकडा लावला, आणि १९६४ साली रेमिंग्टनचे काडतूस व स्मिथ अँड वेसनची दोन रिव्हॉल्व्हरे एकदमच बाहेर पडली. मॉडेल ५७ हे चकचकीत, हलविता येणाऱ्या दृष्टीचे, शौकिनासाठी. मॉडेल ५८ हे साधे, स्थिर दृष्टीचे, चार इंच नळीचे, पोलीस शिपायासाठी.

या दुसऱ्या रिव्हॉल्व्हरापाशी मी थोडा अधिक थांबतो, कारण एका चांगल्या कल्पनेचा कारभारात कसा विचका होतो याचे इतके स्वच्छ उदाहरण शस्त्रेतिहासात क्वचित मिळेल. पुरस्कर्त्यांची योजना अशी होती, की पोलिसांसाठी शिशाच्या गोळीचे, सेकंदाला हजार फुटांच्या आतबाहेरचे सौम्य काडतूस असावे, आणि पूर्ण शक्तीचे काडतूस शिकाऱ्यांकडे राहावे. रेमिंग्टनने दोन्ही काढली. परंतु रिव्हॉल्व्हर मात्र .४४ च्याच थोराड चौकटीवर बांधले गेले, आणि मॉडेल ५८ चे वजन ४१ औंस भरले. दिवसभर कमरेस वागवावयास ते जड, लहान पंजाच्या शिपायास मुठीत न मावणारे. शिशाच्या गोळीने नळीत शिसे साचते अशी ओरड झाली. कित्येक ठिकाणी पूर्ण शक्तीचेच काडतूस शिपायांच्या हाती गेले, आणि ज्यास सरावासाठी महिन्याकाठी मोजकी काडतुसे मिळत त्या शिपायास त्याचा धक्का व कडाका सोसेना. सॅन अँटोनिओ, ॲमरिलो, सॅन फ्रान्सिस्को अशा काही शहरांनी ते स्वीकारले खरे. बाकीच्यांनी पाठ फिरविली, आणि १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मॉडेल ५८ बंद पडले. त्याच दशकाच्या आरंभी, १९७१ मध्ये, ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटाने .४४ ला जी अचाट प्रसिद्धी मिळवून दिली तिने उरलासुरला शौकीनही तिकडे ओढून नेला. काडतुसात दोष नव्हता. दोन भिन्न कामांचा भार एका चौकटीवर टाकला गेला, आणि खरेदीचा हुकूम काढणारांनी ते कशासाठी हवे हा प्रश्न स्वतःस विचारलाच नाही.

हीच कथा वीस वर्षांनी स्वयंभर पिस्तुलांच्या गोटात पुन्हा घडली, आणि ग्रंथकर्त्यांनी तिला स्वतंत्र भाग दिला आहे तो योग्यच होय. दहा मिलिमीटर ऑटो या काडतुसाची मूळ प्रेरणा जेफ कूपर या पिस्तुलविद्येच्या आचार्याची. स्वीडनच्या नॉर्मा कंपनीने ते २०० ग्रेनांची गोळी सेकंदाला १२०० फुटांच्या वेगाने फेकणारे बनविले, आणि डॉर्नाउस व डिक्सन या कॅलिफोर्नियातील छोट्या पेढीने त्यासाठी चेक सीझेड-७५ च्या धर्तीवर ब्रेन टेन हे पिस्तूल १९८३ पासून विकावयास घेतले. पिस्तूल देखणे होते; पण कित्येक गिऱ्हाइकांच्या हाती ते मॅगझिनाशिवाय पडले, सुटी मॅगझिने मिळेनात, आणि १९८६ मध्ये पेढी बुडाली. काडतूस मागे अनाथ उरले असते. परंतु १९८७ मध्ये कोल्टने आपल्या जुन्या १९११ पिस्तुलास ते बसवून डेल्टा एलिट काढले. त्याआधी ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मृत्यू पावले व पाच जखमी झाले. त्या घटनेच्या चौकशीतून त्या खात्याने अधिक समर्थ काडतूस शोधीत दहा मिलिमीटरला पसंती दिली. पुढे काय व्हावे? पूर्ण शक्ती सामान्य अधिकाऱ्यास झेपणार नाही म्हणून खात्याने सौम्य भरणा ठरविला. एवढ्या सौम्य भरण्यास एवढा लांब कोश कशाला, असा विचार करून स्मिथ अँड वेसन व विंचेस्टर यांनी १९९० मध्ये कोश आखूड केला. आणि त्यातून निघालेल्या .४० स्मिथ अँड वेसनने आपल्या जनकासच बाजारातून हुसकून लावले. त्यानंतर दहा मिलिमीटर अरण्यातून हिंडणारांच्या आश्रयाने जगले. ग्रीनलंडच्या हिमभूमीत कुत्र्यांच्या गाड्यांवरून फिरणारे डेन्मार्कचे सिरियस पथक अस्वलांच्या भयाने ग्लॉक २० बाळगते, ही गोष्ट या काडतुसाचे खरे स्थान कोणते ते सांगावयास पुरेशी आहे.

या क्षेत्रातील पंथ कोणते, असे विचारल्यास वरील इतिहासातच त्यांची बीजे दिसतील. कीथपंथीयांचा भर जड, हाताने ओतलेल्या गोळीवर, मध्यम वेगावर आणि लांब पल्ल्याच्या नेमावर. त्यांची आवडती वस्तू म्हणजे प्रत्येक बारास घोडा अंगठ्याने ओढावा लागणारे एकेरी चापाचे रिव्हॉल्व्हर, आणि १९६५ मध्ये आलेले रुगर कंपनीचे .४१ ब्लॅकहॉक त्यांच्या पथ्यावरच पडले. जॉर्डनचा पंथ आत्मरक्षणाचा : दुहेरी चाप, हाताशी एकजीव झालेली मूठ आणि म्यानातून त्वरित निघणारी नळी यांवर त्याची श्रद्धा. तिसरा पंथ स्पर्धकांचा. मेक्सिकोतून आलेल्या धातूच्या प्राणिचित्रांवर नेम धरण्याच्या खेळास अमेरिकेत १९७६ पासून संघटित रूप आले, आणि २०० मीटरवरील जड मेंढा नुसता टिपून चालत नाही, आडवा पाडावा लागतो, या एका अटीमुळे मोठ्या बोरांना नवे जीवन मिळाले. डॅन वेसनची नळी बदलता येणारी .४१ रिव्हॉल्व्हरे त्या काळातलीच. चौथा पंथ वायोमिंगचा म्हणता येईल. डिक कॅसलने .४५ च्या कोशात अधिक दाब साठवून .४५४ बनविले, त्यासाठी १९८३ मध्ये फ्रीडम आर्म्सने पाच कप्प्यांचे भक्कम रिव्हॉल्व्हर काढले, आणि जॉन लाइनबॉने रुगरच्या चौकटीवर पाच कप्प्यांचे सिलिंडर बसवून .५०० व .४७५ ही स्वनामांकित काडतुसे सिद्ध केली. या पंथाच्या शस्त्रांपुढे .४१ हे सालस वाटू लागते. त्यांची कारागिरी मला मान्य आहे, त्यांचा हव्यास नाही. मनगटाची हाडे ही काही बदलून मिळणारी सुटी वस्तू नव्हे.

घडणीच्या विषयात मात्र सर्व पंथ एका पायरीवर येतात, आणि ती पायरी मापाची आहे. जाणता शिकलगार प्रथम कानस हाती घेत नाही. तो मऊ शिशाचा एक गोळा तेल लावून नळीतून हलक्या हाताने ठोकून पार करतो, बाहेर आलेल्या गोळ्यावर उमटलेल्या आट्यांचे माप मायक्रोमीटरने घेतो, आणि मग सिलिंडराच्या सहाही कप्प्यांची तोंडे एकामागून एक मोजतो. .४१ मध्ये गोळीचा व्यास .४१० इंच. कप्प्याचे तोंड नळीहून अरुंद असेल तर गोळी तेथेच पिळून निघते, नळीत सैल जाते, तिच्या कडेने उष्ण वायू निसटतात आणि नळीच्या आरंभी शिशाचा लेप बसतो. एखादेच तोंड निराळे असेल तर सहापैकी एक बार सदैव भलतीकडे पडतो, आणि मालक आपल्या हातास दोष देत बसतो. सहा तोंडे समान करणे, नळीच्या मुखाशी गोळी शिरण्याचा उतार गुळगुळीत करणे, सिलिंडर आणि नळी यांमधील फट इंचाच्या काही सहस्रांशांवर आणून ठेवणे, ही कामे झाली की शस्त्र बाहेरून जसेच्या तसे दिसते आणि आतून बदललेले असते. खरे पैसे येथे खर्चावेत, असा ग्रंथकर्त्यांचा आग्रह आहे. नक्षीकाम, निकेल आणि हरणाच्या शिंगाची मूठ यांस त्यांनी पुढे सविस्तर जागा दिली असली तरी.

यानंतर मूठ. जुन्या कोल्टच्या नांगरमुठीत धक्क्याने शस्त्र तळहातात वर गुंडाळत जाते आणि हलक्या भरण्यात ते सुखद वाटते. भारी भरण्यात घोड्याची बोंडी अंगठ्याच्या बेचक्यास चावते. बिस्ले घाटाची उभट मूठ तोच धक्का सरळ मागे पोहोचविते. हात लहान की मोठा, घाम येतो की नाही, हातमोजे घालावयाचे की नाही, यावर निर्णय अवलंबून असल्यामुळे येथे सर्वसाधारण सल्ला निरर्थक ठरतो. ही गोष्ट आपल्याकडील नेमबाजांस नव्याने सांगावयास नको. २५ मीटर पिस्तुलात २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या राही सरनोबतांच्या कोल्हापुरात पिस्तुलाची लाकडी मूठ हाताच्या घडीप्रमाणे थोडी घासून, थोडी भरून घेणे हा सरावाचाच भाग असतो; बोर .२२ असो वा .४१, तळहाताचे गणित तेच.

चापाविषयी मी ग्रंथकर्त्यांहून अधिक कर्मठ आहे. चापाची ओढ गुळगुळीत करणे निराळे आणि हलकी करणे निराळे. घोडा अडकविणाऱ्या खाचेवर घरच्या घरी कानस फिरविणारांनी स्वतःस व शेजाऱ्यांस जो धोका निर्माण केला आहे त्याचे समर्थन कोणत्याही गुणांकाने होणार नाही. हे काम परवानाधारक शिकलगारावरच सोपवावे. तसेच १९७३ पूर्वीच्या रुगर एकेरी चापाच्या रिव्हॉल्व्हरात घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवून पाचच काडतुसे भरावीत, कारण घोड्यावर आघात झाल्यास बार उडण्याचे भय त्यात असते. नंतरच्या रचनेत मध्यस्थ पट्टी घालून हे भय दूर केले गेले. कंपनी जुन्या रिव्हॉल्व्हरांत ती सुधारणा विनामूल्य करून देते, तरी शुद्धतेचे वेड लागलेले कित्येक लोक ती करून घेत नाहीत.

नळी बदलणे आणि काडतूसच बदलणे ही घडणीची शेवटची पायरी. .३५७ च्या जुन्या, मध्यम चौकटीच्या रुगरला .४४ स्पेशल करून घेण्याची प्रथा स्केल्टनच्या लेखांनी १९७० नंतर रूढ केली, आणि तिच्याच मागून आखूड कोशाचे .४१ स्पेशल हे पूर्णतः हातघडीचे काडतूस आले, जे सौम्य, अचूक आणि हलक्या रिव्हॉल्व्हरातून झाडता येणारे आहे. कीथ व जॉर्डन यांना १९६४ साली पोलिसांसाठी जे हवे होते त्याच्या फार जवळ हे पोहोचते, ही विधिघटना मला मौजेची वाटते. परंतु येथे परतीची वाट नसते. भोक एकदा मोठे केले की लहान होत नाही. १९८२ पूर्वीची, खिळीने बसविलेल्या नळीची आणि कोशाची कड आत सामावणाऱ्या सिलिंडराची स्मिथ अँड वेसनची मॉडेल ५७ संग्राहकांत आता मोलाची झाली आहेत, आणि तशा अखंड वस्तूवर करवत चालविणाऱ्यास या ग्रंथात जी खरमरीत बोलणी मिळतात ती त्याने निमूटपणे ऐकावीत.

आजच्या काळी या विषयाचे प्रयोजन काय? नऊ मिलिमीटरच्या गोळ्या सुधारल्या, एफबीआयसुद्धा तिकडेच परतली, आणि मध्यम शक्तीच्या काडतुसांचे कितीतरी दावे निकालात निघाले, हे मान्य केलेच पाहिजे. स्वसंरक्षणासाठी .४१ घ्यावे असे ग्रंथकर्तेही म्हणत नाहीत. तथापि २०१३ आणि पुन्हा २०२०-२१ च्या टंचाईत अमेरिकन कारखान्यांनी आपली यंत्रे जास्त खपाच्या काडतुसांकडे वळविली तेव्हा विरळ काडतुसे फळीवरून पार नाहीशी झाली. ज्यांच्यापाशी पितळी कोश, साचा आणि भरण्याचे यंत्र होते त्यांचा सराव थांबला नाही, तयार मालावर विसंबलेल्या पुष्कळांची रिव्हॉल्व्हरे पेटीत पडून राहिली. दुसरीकडे २०१५ नंतर दहा मिलिमीटरचे पुनरुज्जीवन झाले, अस्वलांच्या प्रदेशात हिंडणारांनी आणि पिस्तुलाने शिकार करणारांनी ते उचलून धरले, आणि एकदा टाकून दिलेले काडतूस बाजार परत मागू शकतो असे दिसून आले. .४१ च्या नशिबी तसे पुनरागमन आहे असे मला वाटत नाही. कारखाने ते अधूनमधून थोड्या संख्येने काढतात, ती रिव्हॉल्व्हरे विकली जातात, आणि पुन्हा काही वर्षे शांतता असते. त्याच्या भक्तांनाही याहून अधिक गर्दी नको असावी.

मराठी वाचकाच्या दृष्टीने कायद्याचा मजकूर येथे टाळून चालणार नाही. हा ग्रंथ टेक्सासात दीर्घकाळ राहिलेल्या एका मराठी अभियंत्याने तिकडील अनुभवावर लिहिला आहे, आणि त्यातील जवळजवळ प्रत्येक क्रिया तेथील कायद्याच्या चौकटीतच करता येते. तेथेही शिकलगारीचा धंदा करणारास १९६८ च्या कायद्याने संघराज्याचा परवाना लागतो, शस्त्राचा क्रमांक खोडणे हा गुन्हा आहे, आणि राज्याराज्यांचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम याहून कितीतरी कडक. सैन्य आणि पोलीस वापरतात त्या बोरांची हातशस्त्रे सामान्य परवानाधारकास प्रतिबंधित. म्हणूनच कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२ रिव्हॉल्व्हर आपल्या परवानाधारकांत एवढे प्रचलित. शस्त्राची दुरुस्ती करणे किंवा काडतूस बनविणे यांसाठी धंदेवाल्यास स्वतंत्र परवाना हवा आणि बंदुकीची नळी आखूड करणे तर निराळ्या परवान्यावाचून मुळीच चालत नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून पुण्याच्या वेशीवर उभा आहे आणि वरणगावी जळगाव जिल्ह्यात सैन्यासाठी लहान शस्त्रांची काडतुसे आजही होतात. मात्र त्या भिंतींबाहेर राहणाऱ्या नागरिकाने या ग्रंथातील कोष्टके वाचनापुरतीच वापरावीत. मजकूर मिळताच मी ग्रंथकर्त्यांस सुचविले, की कायद्याचे प्रकरण परिशिष्टातून उचलून अगदी आरंभी छापावे. त्यांनी ते मानले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

ग्रंथाची मांडणी कामाच्या क्रमाने आहे, शस्त्रांच्या क्रमाने नाही. अरण्यात बाळगावयाचे रिव्हॉल्व्हर, शिकारीचे, लांब पल्ल्याच्या नेमाचे, आणि नुसते जवळ असावे म्हणून घेतलेले, अशा गरजा प्रथम मांडून मग प्रत्येकीसाठी काडतूस, मग भरणा, मग चौकट, आणि सर्वांत शेवटी घडण, असा त्यांचा उलटा वाटणारा प्रवास आहे. कंपन्यांच्या सूचीपत्रांची सवय झालेल्या वाचकास तो आरंभी अवघड जाईल. भरण्याची कोष्टके देताना त्यांनी प्रत्येक वेगासमोर नळीची लांबी नोंदविली आहे, कारण कारखान्याचे आकडे पुष्कळदा लांब चाचणी-नळीचे असतात आणि चार इंचांच्या नळीतून ते कधीच पुरे पडत नाहीत. दारूच्या मापाचे आकडे मात्र त्यांनी मुद्दाम गाळून वाचकास उत्पादकांच्या चालू पुस्तिकांकडे पाठविले आहे. छायाचित्रे थोडी आणि रेखाटने पुष्कळ, हाही निर्णय मला पटला. सिलिंडराच्या तोंडाचा दोष छायाचित्रात दिसत नाही, छेदाकृतीत दिसतो. स्मिथ अँड वेसनच्या अंतर्यंत्रणेवरील प्रकरण नवख्यास दोनदा वाचावे लागेल, आणि दुसऱ्या वाचनाच्या वेळी शेजारी एखादे रिकामे, तपासलेले रिव्हॉल्व्हर, किंवा आपल्याकडे ते शक्य नसल्यास ग्रंथाच्या अखेरीस जोडलेली घडीची मोठी आकृती, उघडून ठेवावी.